इंग्लंडमधल्या मॅनर हाऊसांतली भुतं: भिंतीची तारीख आणि गोष्टीची तारीख

प्रश्न थोडक्यात असा आहे: "डिसेंबरात लेकीकडे इंग्लंडला चाललोय. तिथल्या जुन्या मॅनर हाऊसांतल्या भुताटकीबद्दल लहानपणापासून वाचत आलोय. त्यात इतिहास किती आणि थापा किती? आणि एखाददुसरं बघण्यासारखं घर सुचवा."

गेली बावीस वर्षं मी इंग्लंडात जुन्या घरांची तपासणी करते. म्हणजे माळ्यावर रांगत जायचं, तुळयांना स्क्रूड्रायव्हर टोचून बघायचा, ओल कुठून येते ते शोधायचं आणि मालकाला न आवडणारा अहवाल लिहायचा. भुतं शोधणं हे काही माझं काम नाही. पण ज्या घरात जाते तिथं पहिल्या चहाच्या कपाबरोबर घरच्या भुताची गोष्ट मिळतेच, बिस्किटासारखी. आता सवयच लागली आहे. गोष्ट ऐकली की मी दोन तारखा विचारते. ही भिंत कधी बांधली? आणि ही गोष्ट पहिल्यांदा कागदावर कधी आली? एवढ्या दोन तारखा शेजारी ठेवल्या की बहुतेक भुतांचा पत्ता लागतो. एका घरात मात्र माझी ही युक्ती चालली नाही, ते शेवटी सांगते.

आधी एक खुलासा. 'मॅनर' म्हणजे मुळात घर नव्हे. आपल्याकडच्या वतनाशी थोडं मिळतंजुळतं प्रकरण आहे: जमीन, त्या जमिनीवरच्या कुळांकडून येणी घेण्याचा हक्क, आणि छोटेमोठे तंटे सोडवणारं मॅनरचं स्वतःचं कोर्ट. या सगळ्याचा धनी राहायचा ते मॅनर हाऊस. कुळांची ती जुनी पद्धत कायद्यानं संपली १९२६ मध्ये, म्हणजे फार लांबची गोष्ट नाही. हे सांगायचं कारण असं की गावाच्या लेखी ते घर म्हणजे सत्ता होती. आत काय चालतं ते बाहेरच्याला दिसत नव्हतं आणि मालकाबद्दल उघड बोलायची सोय नव्हती. अशा ठिकाणी बोलायचं राहून गेलेलं सगळं भुतांच्या तोंडी जातं. आपल्या गढ्यांचं आणि वाड्यांचं वेगळं काय आहे?

आता सगळ्यात गाजलेलं घर घ्या, नॉर्फोकमधलं ब्लिकलिंग हॉल. आठव्या हेन्रीची राणी ॲन बोलीन हिचा १९ मे १५३६ रोजी लंडनच्या टॉवरमध्ये शिरच्छेद झाला. दरवर्षी त्याच तारखेच्या रात्री ती ब्लिकलिंगला येते म्हणतात. गाडीचे घोडे बिनमुंडक्याचे, गाडीवान बिनमुंडक्याचा, आणि राणीचं स्वतःचं मुंडकं तिच्या मांडीवर. दारात गाडी थांबते, राणी आत शिरते आणि खोल्याखोल्यांतून फिरते. ऐकायला झकास आहे. पण आज तिथं उभं असलेलं लाल विटांचं घर हेन्री होबार्ट नावाच्या न्यायाधीशानं १६१६ मध्ये ही जमीन विकत घेतल्यावर बांधलेलं. राणीला जाऊन तोवर ऐंशी वर्षं झाली होती. बोलीन घराण्याचं घर त्याच जागेवर होतं आणि तिचा जन्मही बहुधा तिथलाच. मात्र ज्या खोल्यांतून ती फिरते त्यांतली एकही तिनं जिवंतपणी पाहिलेली नाही. शनिवारवाड्यात निदान नारायणराव जिथं मारले गेले तिथंच त्यांची हाक ऐकू येते म्हणतात, इथं राणीला नवं घर पाठ करावं लागलं!

मग गोष्ट आली कुठून? जिन्याच्या दालनात तिची कोरीव आकृती आहे, खाली लॅटिनमध्ये 'ॲन बोलीन इथं जन्मली' अशा अर्थाची ओळ आणि १५०७ हे साल. नंतरच्या मालकांना राणीचं नातं मिरवायचं होतं, ते त्यांनी भिंतीवर लिहून ठेवलं. भूत त्या मिरवण्याच्याच मागोमाग आलं, असं माझं मत.

ब्लिकलिंगला गेलात तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. हे घर नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुनी घरं सांभाळणाऱ्या संस्थेला, मिळालं ते १९४० मध्ये, लॉर्ड लोथियन यांच्या मृत्युपत्रानं. हेच ते लोथियन, ज्यांच्या अध्यक्षतेखाली १९३२ मध्ये हिंदुस्थानातल्या मताधिकारासाठी समिती नेमली होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या समितीचे सदस्य होते आणि अस्पृश्यांच्या संख्येच्या प्रश्नावर त्यांनी आपली वेगळी टिपणी जोडली होती. मला तरी त्या घरात बिनमुंडक्याच्या घोड्यांपेक्षा हे जास्त आठवतं.

नॉर्फोकातच रेनम हॉल आहे. हे खासगी घर, कधीमधीच उघडतं. इथली 'ब्राउन लेडी', म्हणजे तपकिरी रेशमी झग्यातली बाई, जगभर पोचली ती एका फोटोमुळे. 'कंट्री लाइफ' या साप्ताहिकासाठी घराचे फोटो काढायला आलेल्या दोघांनी १९ सप्टेंबर १९३६ रोजी जिन्याचा फोटो घेतला. त्यात पायऱ्यांवरून उतरणारी धुरकट आकृती आली. छापला कधी? २६ डिसेंबरच्या अंकात. इंग्रजांकडे नाताळ म्हणजे शेकोटीभोवती भुताच्या गोष्टी सांगायचा हंगाम, हे इथं विसरू नका. कॅमेऱ्यातल्या एकाच फोटोच्या काचेवर दोनदा प्रकाश पडला तर किंवा कॅमेऱ्यात फटीतून उजेड शिरला तर असंच चित्र उमटतं, हे पुढं अनेकांनी दाखवून दिलं आहे.

ही बाई कोण? डोरोथी वॉलपोल. ब्रिटनचा पहिला पंतप्रधान समजला जातो त्या रॉबर्ट वॉलपोलची बहीण आणि चार्ल्स टाउनशेंड यांची दुसरी बायको. (हे टाउनशेंड राजकारणापेक्षा सलगमाच्या शेतीसाठी जास्त लक्षात राहिले. शेताच्या फेरपालटीत सलगम लावा म्हणून ते इतके मागं लागायचे की लोक त्यांना 'टर्निप टाउनशेंड' म्हणू लागले.) गोष्टीत नवरा तिच्या चारित्र्यावर संशय घेतो, तिला खोलीत कोंडतो आणि ती तिथंच झुरून मरते. नोंद सांगते की १७२६ मध्ये ती देवीच्या रोगानं गेली. आणि फोटोच्या शंभर वर्षं आधी, १८३६ च्या सुमारास, आरमारातले कॅप्टन मॅरियट यांनी तिच्यावर पिस्तूल झाडलं, गोळी आरपार जाऊन पलीकडच्या दारात रुतली, ही गोष्ट पुस्तकात आली १८९१ मध्ये. लिहिणारी त्यांची मुलगी, आणि १८३६ मध्ये ती होती तीन वर्षांची. वडिलांना जाऊन तेव्हा त्रेचाळीस वर्षं झालेली. ती खोटं बोलली असं मी म्हणत नाही. घरात पुन्हापुन्हा सांगितलेली गोष्ट प्रत्येक खेपेला थोडी अंगानं भरते, आपल्या आजोबांनी मारलेल्या वाघासारखी.

आता माझ्या धंद्यातलं. या घरांत आवाज होतात, हे शंभर टक्के खरं. भिंतीतून होतात, जमिनीखालून होतात, रिकाम्या खोलीतून होतात. त्यातली काही कारणं इतिहासाची आहेत. प्रोटेस्टंट पंथाच्या पहिल्या एलिझाबेथ राणीच्या राज्यात १५८५ च्या कायद्यानं जेझुइट आणि तशाच इतर कॅथलिक धर्मगुरूंनी देशात असणं हाच राजद्रोह ठरला. कॅथलिक जमीनदार त्यांना लपवून ठेवत. त्यासाठी भिंतीत, चुलाण्यामागं, जिन्याखाली माणूस जेमतेम मावेल अशा खोबणी केल्या, त्यांना 'प्रीस्ट होल' म्हणतात. यातला उस्ताद निकोलस ओवेन. बुटका, एका पायानं लंगडणारा सुतार. दिवसा घरात दिसेल असं काहीतरी साधं काम करायचा आणि खरं काम रात्री, एकट्यानं. नोकरांनाही पत्ता नसे. १६०६ मध्ये टॉवरमध्ये छळ होऊन तो मेला, पण एकाही घराचं नाव त्यानं सांगितलं नाही. १९७० मध्ये त्याला संतपद मिळालं.

आता विचार करा. स्वयंपाकघरातल्या पोरीला रात्री भिंतीतून ठोकल्याचा आवाज येतो. सकाळी भिंत जशीच्या तशी. मालकीणबाई म्हणतात, "काही नाही गं, जुनं घर आहे." १५९१ मध्ये बॅड्सली क्लिंटन या घरावर धाड पडली तेव्हा धर्मगुरू खालच्या गटाराच्या बोगद्यात पाण्यात पाय बुडवून चार तास उभे होते आणि वर शिपाई लाकडी तक्तपोशी ठोकून बघत होते. अशा घरात कुजबूज, खोकला, पावलं ऐकू येत असतील तर ती ऐकणाऱ्याचा भास नव्हता. उलट घरात भूत आहे असं नोकरांना वाटलं तर मालकाला बरंच वाटत असणार. वूस्टरशरमधल्या हार्विंग्टन हॉलमध्ये अशा सात जागा आजही बघायला मिळतात. त्यातल्या एकीत उभी तुळईच बिजागरीवर फिरते. मी पहिल्यांदा बघितली तेव्हा दहा मिनिटं नुसती फिरवत बसले होते.

'भूत भिंतीतून आरपार गेलं' या वाक्यामागंही पुष्कळदा बुजवलेलं दार असतं. नोकरांचे जिने आणि बोळ वेगळे, मालकांच्या नजरेला न पडणारे. पुढं घराची फेरफार झाली की ही दारं विटा लावून बंद केली जायची. खिडक्यांचं तसंच. १६९६ पासून १८५१ पर्यंत खिडक्यांवर कर होता, तो चुकवायला लोकांनी खिडक्या बुजवल्या. बाहेरून खिडकीची चौकट दिसते, आत मात्र सलग भिंत. मग गावात बातमी: त्या खोलीत कुणाला तरी चिणलंय.

आणि किडा. याला इथं 'डेथवॉच बीटल' म्हणतात. ओल धरलेल्या जुन्या ओक लाकडात याची अळी वर्षानुवर्षं पोखरत राहते, कधीकधी दहा वर्षंसुद्धा. वसंत ऋतूत प्रौढ किडा जोडीदाराला बोलावण्यासाठी लाकडावर डोकं आपटतो. टक-टक-टक-टक, मग शांत, मग दुसऱ्या तुळईतून उत्तर. दिवसाच्या गडबडीत ऐकू येत नाही. ऐकू येतो तो मरणाच्या उशाशी रात्रभर जागणाऱ्याला, म्हणून नावात 'डेथवॉच'. एका घरात मालकीणबाई रोज झोपताना वरच्या माळ्यावरच्या 'कर्नल'ला गुड नाइट म्हणायच्या, कारण तो काठी आपटून उत्तर द्यायचा. तुळईचं टोक आम्ही कापून बदललं आणि छपराची गळती बंद केली. पुढच्या मे महिन्यात बाईंचा फोन आला. मला वाटलं आभार मानायला केलाय. त्या म्हणाल्या, "कर्नल गेले." आवाजात राग होता. बिल मात्र त्यांनी वेळेवर दिलं.

पंख्यानं किंवा वाऱ्याच्या झोतानं तयार होणारा, कानाला न कळणारा खोल कंप माणसाला अस्वस्थ करतो, असं कॉव्हेंट्रीच्या व्हिक टँडी या अभियंत्यानं १९९८ मध्ये मांडलं. त्याच्या प्रयोगशाळेतल्या 'भुता'चा छडा एका नव्या एक्झॉस्ट पंख्यापर्यंत लागला होता. कंप सेकंदाला १९ च्या आसपास. कल्पना रंजक आहे, पण प्रत्येक थंड बोळाला ती लावू नये. बहुतेक थंड बोळ थंड असतात कारण धुराडं उघडं असतं.

इथवर सगळं गमतीचं. पण काही गोष्टी तपासायला गेलं की हसू येत नाही. डॉर्सेटमधल्या बेटिसकोंब मॅनरमध्ये एक कवटी जपून ठेवलेली आहे, 'किंचाळणारी कवटी'. घराबाहेर काढली तर किंचाळते, पिकं बुडतात, काढणारा वर्षभरात मरतो. गोष्ट अशी: या घराण्यातला अझराया पिनी १६८५ च्या मनमथच्या बंडात, म्हणजे राजाविरुद्धच्या उठावात, सापडला, फाशी टळली आणि त्याची वेस्ट इंडीजमधल्या नेव्हिस बेटावर रवानगी झाली. तिथं घराणं उसाच्या मळ्यांवर गबर झालं. पुढं त्यांच्यातल्या एकानं आणलेला आफ्रिकी गुलाम डॉर्सेटमध्ये मेला. मरताना त्यानं शाप दिला की मला माझ्या देशात पुरलं नाही तर या घराला स्वस्थता लाभणार नाही. त्याला गावच्या चर्चच्या आवारात पुरलं, आणि मग किंकाळ्या सुरू झाल्या.

१९६३ मध्ये कवटीची तपासणी झाली. ती निघाली पंचविशी-तिशीतल्या बाईची, आणि प्रागैतिहासिक काळातली. म्हणजे शेजारच्या टेकड्यांवर राहणाऱ्या कुण्या प्राचीन बाईची कवटी सापडली, घरात आली, आणि कधीतरी तिला गुलामाची गोष्ट चिकटली. झालं, थाप उघडी पडली, असं म्हणून लोक पुढं जातात. मी इथंच थांबते. कवटी खोटी, पण ऊस खरा, बेट खरं, गुलाम खरे. याच पिनींच्या वंशजानं नेव्हिसहून पेरो नावाचा गुलाम ब्रिस्टलला आणला होता. त्याच्या नावाचा पूल आज ब्रिस्टलच्या बंदरावर आहे, १९९९ साली बांधलेला. त्याआधी कितीतरी वर्षं या पैशाबद्दल इंग्लंडात उघड फारसं कुणी बोललं नाही. डॉर्सेटच्या गावकऱ्यांनी मात्र मोठ्या घराच्या पैशाचा उगम कुठं आहे ते ओळखलं होतं आणि सापडेल त्या कवटीवर ते लिहून टाकलं. आपल्याकडं समंध धनापाशी बसतो म्हणतात. इथंही तो धनापाशीच बसलाय.

विल्टशरमधल्या लिटलकोट हाऊसची गोष्ट त्याच जातीची. १५७५ च्या सुमारास एका सुईणीला रात्री कुठल्याशा मोठ्या घरात नेलं, मूल जन्मलं, आणि तिथल्या माणसानं ते पेटत्या चुलाण्यात टाकलं. सुईणीचा जबाब खराच आहे. त्यात घराचं नाव नाही, माणसाचंही नाही. गावानं मात्र लिटलकोटचा मालक विल्यम डॅरेल ठरवून टाकला. तो १५८९ मध्ये मेला आणि घर गेलं जॉन पॉपम या वकिलाकडं, जो पुढं सरन्यायाधीश झाला. लाच म्हणून घर दिलं, अशी कुजबूज तेव्हापासून आहे. न्यायालयानं काही केलं नाही, म्हणून गोष्टीत जळतं मूल डॅरेलच्या घोड्यासमोर येतं.

बोर्ली रेक्टरीबद्दल तुम्ही नक्की वाचलं असेल, 'इंग्लंडमधलं सगळ्यात झपाटलेलं घर'. ते मॅनर नव्हे, एसेक्समधल्या पाळकाचं १८६० च्या दशकातलं घर. हॅरी प्राइस या भूतसंशोधकानं १९३७ मध्ये ते वर्षभर भाड्यानं घेतलं, वर्तमानपत्रात जाहिरात देऊन ४८ निरीक्षक जमवले. १९३९ मध्ये घर जळालं, १९४४ मध्ये पाडलं. १९५६ मध्ये तिघा अभ्यासकांनी सगळं उकरून पाहिलं आणि प्राइसच्या दाव्यांतलं फारसं काही शिल्लक राहिलं नाही. मला त्यात रस नाही. तिथं जाऊ नका, बघायला काही उरलेलं नाही आणि शेजारी वैतागलेले आहेत.

आता ते शेवटचं घर. हॅम्पशरमधलं हिंटन ॲम्पनर. ट्यूडर राजघराण्याच्या काळातलं जुनं मॅनर हाऊस १७६५ मध्ये रिकेट्स कुटुंबानं भाड्यानं घेतलं. आधीचे मालक लॉर्ड स्टॉवेल १७५५ मध्ये वारले होते. बायको गेल्यावर मेहुणी त्यांच्याच घरात राहत होती आणि गाव त्याबद्दल बोलायचं ते बोलत होतं. मिसेस मेरी रिकेट्स यांना सुरुवातीपासून दारं आपटल्याचे आवाज यायचे. कुणाकडं तरी किल्ल्या असतील म्हणून कुलपं बदलली. आवाज चालूच. मग रेशमी कपड्यांची सळसळ, पलंगाच्या पायथ्याशी जड पावलं, घर भरून टाकणारी घुमी कुजबूज, मध्यरात्री किंकाळी. नवरा १७६९ मध्ये जमैकाला गेला होता. घरातले नोकर जवळजवळ सगळे बदलले, तरी नव्यांनाही तेच ऐकू आलं. बाईंनी गुन्हेगाराचा पत्ता देणाऱ्याला बक्षीस लावलं आणि वाढवत नेलं. कुणी आलं नाही.

१७७१ च्या उन्हाळ्यात त्यांचा भाऊ आला. हा भाऊ म्हणजे आरमारातला जॉन जर्व्हिस, जो पुढं १७९७ मध्ये केप सेंट व्हिन्सेंटची लढाई जिंकून अर्ल झाला. आरमाराचा पुढं गाजलेला सेनापती नेल्सन तेव्हा त्याच्या हाताखाली होता. जर्व्हिसनं एका कॅप्टन मित्राला घेऊन, हत्यारं जवळ ठेवून, रात्रभर पहारा केला. दोघांनी आवाज ऐकले, खोल्या धुंडाळल्या, कुणी सापडलं नाही. हे घर माणसानं राहण्यालायक नाही, असं म्हणून त्यानं बहिणीला बाहेर काढलं. मेरीबाईंनी हे सगळं १७७२ मध्ये, आठवणी ताज्या असताना, आपल्या मुलांसाठी लिहून ठेवलं. त्या काळची घरची पत्रंही आहेत. छापून आलं ते थेट शंभर वर्षांनी. म्हणजे मिरवायचं नव्हतं, विकायचं नव्हतं, गोष्ट अंगानं भरायला वेळही मिळाला नव्हता.

इथं माझ्या दोन तारखा निमूट होतात. उंदीर, धुराडी, ओकचं आकसणं, मागच्या जिन्यानं येणारा कुणी, सगळं सुचवता येतं. मी सुचवूनही पाहते. पण आरमारातला माणूस लाकडी जहाजावर वाढलेला असतो. रात्री करकरणारं लाकूड म्हणजे काय ते त्याला कुणी शिकवायला नको. ते घर १७९३ मध्ये पाडलं. पाडताना जमिनीच्या फळ्यांखाली पेटीत लहानशी कवटी मिळाली, ती माकडाची असं सांगितलं गेलं. खरं सांगायचं तर मला त्या घराच्या माळ्यावर टॉर्च घेऊन एक दुपार हवी होती, आणि ती मिळायला सव्वादोनशे वर्षं उशीर झाला.

तर तुम्ही जा हार्विंग्टनला किंवा ब्लिकलिंगला. हिंटन ॲम्पनरला गेलात तर जुन्या जागेपासून थोड्या अंतरावर नंतर बांधलेलं घर दिसेल, बाग सुरेख आहे, भूत नाही. डिसेंबरात बरीच घरं बंद असतात किंवा दोनचारच खोल्या उघडतात, म्हणून वेळा आधी बघा. दुपारी चारला अंधार पडतो. प्रत्येक खोलीत एक वयस्कर स्वयंसेवक उभे असतात. त्यांना "इथं भूत आहे का" विचारलंत तर पाठ केलेली गोष्ट मिळेल. "या खोलीतलं कुठलं दार बुजवलंय" असं विचारा, मग ते तुम्हाला सहजी सोडणार नाहीत. आणि लेकीला सांगा, स्वेटर दोन हवेत, ही घरं खरोखर थंड असतात.